थंडीतल्या लग्नघरात घरच्या घरी मेकअप: क्रम, वेळ आणि नेहमीच्या चुका

दर डिसेंबरात कुणाच्या ना कुणाच्या लग्नाचे फोटो येतात आणि त्यांत तेच दिसतं. नाकाच्या कडेला पापुद्रे, ओठांच्या भेगांत भरलेली लिपस्टिक, चेहरा पांढुरका आणि मान वेगळ्याच रंगाची. सामान बहुतेक वेळा चांगलं असतं. चुकतो तो क्रम, आणि त्याआधी चुकते ती वेळ.

हा लेख नवरीसाठी नाही. तिची जबाबदारी शक्यतो अंगावर घेऊच नका. मुलांना नाताळची सुट्टी, घरात पंधरा पाहुणे, एक बाथरूम, एक गीझर, आणि ‘तुला येतं ना गं, माझाही करून दे’ म्हणत रांगेत बसलेल्या जावा, नणंदा, मामी, आत्या. हे सगळं जिच्या गळ्यात पडतं तिच्यासाठी लिहिलंय. माझ्या गळ्यात हे बारा-तेरा वर्षांपूर्वी पडलं. पहिल्याच लग्नात धाकट्या जावेच्या गालावर मी फाउंडेशनच्या अक्षरशः वळ्या काढल्या होत्या, खोडरबर घासल्यावर निघतात तशा. त्या का निघाल्या, ते टप्पा ६ मध्ये येईल.

टप्पा १. पंधरा दिवस आधी: पेटी उपसा

मेकअपची पेटी गेल्या लग्नानंतर उघडलेलीच नसते. सगळं वर्तमानपत्रावर ओता. बहुतेक डब्यांच्या मागे झाकण उघडलेल्या बरणीचं चिन्ह असतं आणि त्यात महिन्यांचा आकडा. उघडल्यापासून तितके महिने वस्तू वापरायची. मस्कारा साधारण तीन ते सहा महिने, द्रव फाउंडेशन वर्षभर. तारीख काहीही असो, वास बदलला असेल, तेल वेगळं झालं असेल किंवा मस्कारा सुकून तारा निघत असतील तर टाकून द्या. त्यात गुलाबपाणी घालून ‘चालवू’ नका. डोळ्याच्या वस्तूत पाणी घालणं म्हणजे जंतूंना घर करून देणं.

ब्रश आणि स्पंज आत्ताच धुवा. थंडीत जाड ब्रश वाळायला रात्रभराहून जास्त वेळ लागतो. आदल्या रात्री धुतलेला ब्रश सकाळी मुळाशी ओला असतो आणि मग बेसवर, म्हणजे फाउंडेशनच्या थरावर, रेघा पडतात. वाळवताना आडवा ठेवा. उभा ठेवला की पाणी दांडीत उतरतं आणि केस सुटतात.

यादीत या गोष्टी हव्यातच: कापसाचे बोळे, इअरबड, स्वच्छ चमचा किंवा स्टीलची छोटी ताटली (क्रीम काढून घ्यायला), प्रत्येकीसाठी वेगळी काजळ पेन्सिल. पेन्सिल फार महाग नसते. एकच काजळ सात जणींच्या डोळ्यांतून फिरलं की सत्यनारायणाच्या पूजेपर्यंत निम्म्या घराचे डोळे आलेले असतात.

टप्पा २. दहा दिवस आधी: रंग, चाचणी, आणि ‘थोडी उजळ कर’

फाउंडेशनचा रंग मनगटावर बघायचा नसतो. मनगट चेहऱ्यापेक्षा उजळ असतं. जबड्याच्या कडेला बोटभर अंतरावर तीन रेघा ओढा, खिडकीपाशी या, दहा मिनिटं थांबा. लावल्यानंतर बरीच फाउंडेशनं थोडी गडद होतात, म्हणून थांबायचं. मानेत जी रेघ विरून जाते तो तुमचा रंग. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली ठरवलेला रंग घरी आल्यावर चुकणारच.

इथे घरोघरी एक वाक्य येतं: ‘पोरीला थोडी उजळ कर गं, फोटो चांगले येतील.’ सावळ्या त्वचेवर दोन रंग फिकट फाउंडेशन लावलं तर उजळ दिसत नाही, राखाडी दिसतं, राख फासल्यासारखं. हे मोठ्यांना तत्त्वज्ञान म्हणून सांगायला गेलात तर वाद होतो. मी मुलीच्या अर्ध्या जबड्याला तिचा रंग लावते, अर्ध्याला फिकट, आणि मोबाइलवर फोटो काढून दाखवते. ‘आत्या, तुम्हीच सांगा कुठली बाजू चांगली दिसते.’ आजवर एकाही आत्याने राखाडी बाजू निवडलेली नाही. फक्त हे त्या मुलीला आधी विचारून करा. सगळ्यांसमोर तिच्या रंगाची चर्चा नको असेल तर तेवढ्यापुरतं दार लावून घ्या.

सावधान: लग्नाआधी ‘पंधरा दिवसांत गोरेपणा’ देणारं, घटकांची यादी नसलेलं क्रीम कुणी आणून दिलं तर वापरू नका. अशा क्रीममध्ये पारा किंवा स्टेरॉइड असू शकतं. पाऱ्याने मूत्रपिंडाला इजा होते. स्टेरॉइड बंद केलं की चेहरा लाल होऊन पेटतो, आणि तो नेमका लग्नातच पेटतो.

नवीन वस्तूंची चाचणी याच टप्प्यात उरकायची. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावा आणि ४८ तास बघा. केसांच्या कलपाला ही चाचणी चुकवू नका, कारण त्यातल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी एक-दोन दिवसांनी उठते. ‘काळी मेंदी’ हातावर तर काढूच नका. तिचा काळा रंग बहुधा याच रसायनातून आलेला असतो. मेंदीचं पान काळा रंग देत नाही.

टप्पा ३. चार दिवस आधी: पार्लरचं काय असेल ते

थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच, सगळं किमान चार दिवस आधी. आदल्या दिवशी केलेल्या थ्रेडिंगवर थंडीत हमखास कोरडी पापडी धरते आणि भुवयांखाली पावडर गोळा होते. ब्लीच आणि थ्रेडिंग एकाच दिवशी नको, सोललेल्या जागी ब्लीच झोंबतं. आयुष्यात पहिलं फेशियल लग्नाच्या आठवड्यात करू नका. करायचंच असेल तर महिनाभर आधी.

या दिवसांपासून दोनच सवयी लावा. कोमट पाण्याने आंघोळ, आणि त्वचा ओलसर असतानाच क्रीम. निफाड-नाशिककडच्या थंडीत कढत पाण्याचा मोह कुणाला होत नाही? पण कढत पाणी त्वचेवरचं तेल धुऊन नेतं आणि कोरडी हवा आतला ओलावा ओढते. अंग पूर्ण कोरडं करून, केस विंचरून, चहा पिऊन मग क्रीम लावलं तर ते अडवणार काय? टॉवेलने नुसतं टिपा आणि दोन-तीन मिनिटांत लावा.

खरखरीत स्क्रब नकोत. डाळीचं पीठ चोळून पापुद्रे ‘काढले’ की दोन दिवसांनी दुप्पट येतात.

टप्पा ४. आदली रात्र: हळद उतरवणं

हा टप्पा बहुतेक जणी विसरतात. हळदीच्या कार्यक्रमात नवरीपेक्षा करवल्यांनाच जास्त हळद फासली जाते. मग सगळ्या साबण घेऊन बेसिनपाशी उभ्या राहतात, आणि हळद जायच्याऐवजी लालसर होते. कारण साधं आहे. हळदीला अल्कधर्मी पदार्थ लागला की ती लाल होते. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं ते याच गुणावर. साबणही अल्कधर्मी. वर चोळून चोळून गाल सोलतात ते वेगळंच.

हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून:

१. चेहरा कोरडा असतानाच तेल लावा. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, तेव्हा बाटली आधी गरम पाण्याच्या तांब्यात ठेवा. मुरुमांचा चेहरा असेल तर खोबरेल टाळा, क्लिन्झिंग मिल्क वापरा.
२. पाच-सात मिनिटं थांबा. नुसतं थांबा.
३. कापसाने वरून खाली टिपत काढा. बोळा पिवळा झाला की बदला. तीन-चार बोळे लागतात.
४. मग सौम्य फेसवॉश, कोमट पाणी, ओलसर चेहऱ्यावर क्रीम.

तरी थोडी पिवळी झाक राहील. राहू द्या. ती झाकायला सकाळी गुलाबी छटेचं फाउंडेशन लावू नका, चेहरा मानेपासून तुटल्यासारखा दिसतो. केसांच्या कडा आणि कानामागचा भाग मात्र नीट बघा, पिवळेपणा तिथेच अडकून बसतो.

झोपताना ओठांवर व्हॅसलीन किंवा तूप, जाडसर. ओठाची सालं दातांनी काढायची नाहीत. सगळ्यांची ब्लाउजं, परकर, पिना, नथ, टिकल्या प्रत्येकीच्या नावाच्या पिशवीत रात्रीच भरा. सकाळी साडेपाचला ‘माझा मॅचिंग परकर कुठाय’ या प्रश्नाला उत्तर नसतं.

टप्पा ५. वेळापत्रक मुहूर्तापासून उलटं मांडा

पत्रिकेत मुहूर्त ११ वाजून ४२ मिनिटं असा मिनिटापर्यंत असतो, आणि तयारीचं गणित मात्र ‘सहाला उठू’ एवढंच. कागदावर मांडा.

समजा सात जणी आहेत आणि घरातून नऊला निघायचंय. एकीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत ३५ मिनिटं धरली तर चार तासांहून जास्त होतात. जमणार नाही. म्हणून काम तोडा. चेहरा धुणं, क्रीम, ओठांचं बाम प्रत्येकीने स्वतः करायचं. तुम्ही फक्त बेस आणि डोळे, माणशी २० मिनिटं. सात जणींचे २ तास २० मिनिटं. सव्वासहाला पहिली खुर्चीत बसली तर ८:३५ ला संपतं आणि हातात २५ मिनिटं उरतात. ती उरलीच पाहिजेत, कारण कुणाची तरी साडी परत सोडावी लागतेच.

रांग अशी लावा. सगळ्यांत आधी स्वतःचा बेस, नाहीतर तुम्ही सगळ्या फोटोंत घामट दिसाल. मग ज्यांना कार्यालयावर लवकर जायचंय त्या. मग मोठ्या बायका. मुली त्यानंतर. करवली शेवटी, कारण ती दिवसभर नवरीमागे उभी आणि प्रत्येक फोटोत असते. गीझरचा क्रमही याच कागदावर लिहून बाथरूमच्या दाराला चिकटवा. पुरुष मंडळींच्या आंघोळी सातनंतर. यावर चर्चा नको.

तपासा: ब्लाउज मेकअपच्या आधी घालून झालंय ना? डोक्यातून घालायचं ब्लाउज मेकअपनंतर घातलं की गेलं सगळं. साडी मात्र नंतर. खांद्यावर जुनी ओढणी पसरा. पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काळी साडी नेसाल तेव्हा हा नियम दुप्पट पाळा, काळ्यावर पावडरचा कण न् कण दिसतो.

टप्पा ६. चेहऱ्याची तयारी: इथे घाई केली की वळ्या निघतात

जावेच्या गालावर वळ्या निघाल्या त्या दिवशी मी क्रीम लावलं आणि लगेच प्राइमर (फाउंडेशनखाली लावतात तो थर), लगेच फाउंडेशन. खालचा थर ओला होता, वरचा त्यावर घसरला, आणि मी तो चोळत राहिले. म्हणून हे करा.

१. कोमट पाणी आणि सौम्य फेसवॉश. रात्री व्यवस्थित धुतला असेल तर सकाळी नुसतं पाणी पुरे.
२. ओलसर चेहऱ्यावर क्रीम, वाटाण्याएवढं. नाकाच्या कडा, हनुवटी आणि भुवयांच्या मध्ये बोटाने थापून. ग्लिसरीन किंवा व्हॅसलीन मेकअपखाली नको, वरचं सगळं घसरतं.
३. दहा मिनिटं थांबा. एवढ्यात चहा होतो, पण भांड्याच्या वाफेवर वाकू नका.
४. लग्न लॉनवर असेल तर सनस्क्रीन, आणि परत दहा मिनिटं. झिंक किंवा टायटॅनियमवालं सनस्क्रीन फ्लॅशमध्ये चेहरा पांढरा दाखवू शकतं, म्हणून अंधाऱ्या खोलीत फ्लॅश टाकून एक फोटो आधीच काढून बघा.
५. प्राइमर लावायचाच असेल तर फक्त नाक आणि गालांच्या रंध्रांवर. कोरड्या चेहऱ्याला नाही लावला तरी चालतो.

तपासा: गालाला हाताची मागची बाजू टेकवा. किंचित चिकटली पण ओलं लागलं नाही तर पुढे जा. घसरली तर टिश्यूने टिपा आणि अजून पाच मिनिटं द्या.

टप्पा ७. बेस: कमी, ओल्या स्पंजने, थापून

स्पंज पाण्यात बुडवून घट्ट पिळा. फाउंडेशन ताटलीत काढून घ्या. थंडीत घट्ट झालं असेल तर हाताच्या पाठीवर घोळवून सैल करा, त्यात पाणी नको. चेहऱ्याच्या मधून बाहेर थापत जा. ओढायचं नाही, घासायचं नाही. एक पातळ थर. जिथे डाग दिसतोय तिथेच दुसरा. कान आणि मानेचा वरचा भाग विसरू नका.

डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकट कन्सीलरने (डाग झाकायच्या क्रीमने) झाकली तर ती राखाडी दिसतात. आधी नारिंगी छटेचं करेक्टर तांदळाच्या दाण्याएवढं, मग कन्सीलर.

क्रीमचा ब्लश पावडरच्या आधी, पावडरचा ब्लश पावडरनंतर. हा क्रम उलटला की गालावर ठिपके. आणि पावडर? थंडीत फक्त कपाळ, नाक, हनुवटी. गालांना लावलीत तर दुपारी सुरकुत्या मोजता येतील. टाल्कम पावडरचा डबा तर हाताशी ठेवूच नका, कुणीतरी मामी येऊन शेवटचा हात फिरवतेच.

पापुद्रा दिसलाच तर खरवडू नका. इअरबडच्या टोकाला किंचित क्रीम घेऊन त्या जागी दाबा, अर्धा मिनिट थांबा, स्पंजने परत थापा.

मुंडावळ्या ज्यांना बांधायच्या असतील, म्हणजे चुकून नवरा-नवरीही तुमच्याच खुर्चीत आली असतील, तर दोरी बसते त्या कपाळाच्या पट्ट्यात फाउंडेशन अगदी कमी. तिथून ते दोरीला लागून निघतंच.

टप्पा ८. डोळे, ओठ, टिकली, नथ: याच क्रमाने

होमाच्या धुराने डोळ्यांतून पाणी येणार हे धरून चाला. काजळ आणि मस्कारा पाण्याने न पसरणारे घ्या. होमाजवळ बसणाऱ्यांना खालच्या पापणीत काजळ भरू नका, वरच्या पापणीची रेघ पुरे. थंडीत पेन्सिलचं टोक कडक होतं, हातावर चार रेघा ओढून मऊ करा. मेणबत्तीवर धरायचे उद्योग नकोत.

ओठांवरचं बाम टिश्यूने पुसून मगच लिपस्टिक. थर लावा, टिपा, परत लावा. अगदी कोरडी मॅट लिपस्टिक भेगाळलेल्या ओठांवर दुपारपर्यंत सोलते, क्रीमवाली बरी.

टिकली गळते कारण कपाळ क्रीमने तुळतुळीत असतं. त्या जागेपुरता कोरडा कापूस फिरवा, पावडरचं एक बोट लावा, मग टिकली. टिकलीखाली रोज खाज येत असेल किंवा पांढरा डाग दिसत असेल तर ती टिकली बंद करा. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने त्वचेचा रंग कायमचा जाऊ शकतो. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

नथ सगळ्यांत शेवटी. ती ओठावर लोंबते, आधी घातली तर लिपस्टिक लावताना मोत्यांना लाल डाग पडतात. दाबाची नथ असेल तर नाकपुडीच्या त्या जागेवरचा बेस पुसून टाका, नाहीतर ती घसरून जेवणाच्या पंगतीत सापडते.

टप्पा ९. खुर्चीत कोण बसतंय ते बघा

आठ-नऊ वर्षांची भाची हट्ट करेल. बाम, टिकली, फार तर नखांना रंग. फाउंडेशन आणि डोळ्यांतलं काही नाही. नुसतं ‘नाही’ म्हणण्यापेक्षा तिला ब्रश देणारी मदतनीस करा, कामही होतं.

चौदा-पंधराच्या मुलीला मुरुम असतील तर त्यावर खोलीत बसलेल्या सगळ्यांचे उपाय सुरू होतात. तिला खुर्चीत बसवताना बाकीच्यांना चहाला पाठवा.

आणि घरातली एखादी विधवा काकू किंवा मावशी. ती रांगेत येत नाही, दारात उभी राहून बघते. तिच्यासाठी टिकली ठेवायची की नाही हे तुम्ही ठरवू नका आणि सगळ्यांदेखत विचारूही नका. आदल्या रात्री पिशव्या भरताना एकटीला विचारा: ‘काकू, तुमच्या पिशवीत काय काय ठेवू?’ २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसण्यासारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य सरकारनेही परिपत्रक काढून तो कित्ता गिरवायला सांगितलं. घराघरांत ते अजून पोचायचंय. काकू ‘लहानशी ठेव’ म्हणाल्या तर लहानशी ठेवा, ‘नको’ म्हणाल्या तर बेस आणि बाम तरी करून द्या. त्यांची पाळी मधेच घ्या, म्हणजे त्या ‘उरलेल्या’ ठरत नाहीत.

टप्पा १०. कार्यालयात आणि रात्री

पर्समध्ये टिश्यू, इअरबड, लिपस्टिक, चार टिकल्या. चेहरा चमकला तर आधी टिश्यूने टिपा, वर लगेच पावडर नको. दर तासाला पावडरचे थर चढवले की संध्याकाळी भिंतीचे पोपडे.

रात्री कितीही दमलात तरी मेकअप उतरवून झोपा. तेल किंवा क्लिन्झिंग मिल्क, कापूस, मग फेसवॉश, मग ओलसर चेहऱ्यावर क्रीम. पाण्याने न जाणारं काजळ चोळू नका, तेलाचा बोळा डोळ्यावर अर्धा मिनिट नुसता धरा, आपोआप सुटतं. नुसत्या ओल्या वाइप्सने पुसलं तर चेहरा परत धुवाच.

आणि स्पंज त्याच रात्री धुऊन पंख्याखाली ठेवा. उद्या सत्यनारायण आहे, आणि मामींनी आत्ताच विचारलंय.